गहाण सुटावे, घरही चालावे

शेतकऱ्याच्या घरात दोन काळज्या कायम वस्तीला असतात. पहिली काळजी, गहाण पडलेली जमीन कधी सुटेल? दुसरी काळजी, अचानक खर्च आला तर पैसा कोठून आणायचा? या दोन्ही काळज्यांचा डोळा एकाच पैशावर असतो. कांदा विकून चार पैसे हाती आले, की एक म्हणते, “बँकेत भर.” दुसरी म्हणते, “घरात ठेव.” मग घरधन्याने कोणाचे ऐकावे?

दोघींचेही ऐकावे. पण किती, आणि आधी कोणाचे, हे हिशेब करून ठरवावे. तो हिशेब अवघड नाही. बेरीज, वजाबाकी आणि थोडा गुणाकार येत असला म्हणजे झाले. तोच आपण येथे पायरीपायरीने करू.

गहाण म्हणजे काय?

आपण बँकेकडून किंवा कोणाकडून पैसे घेतो. त्या पैशाला तारण म्हणून जमीन किंवा घर लिहून देतो. याला गहाण म्हणतात. ज्या कागदावर हे लिहितात ते गहाणखत. जमीन गहाण पडली तरी मालक आपणच असतो. पण सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या जागी कर्जाची नोंद होते. तिला आपण ‘बोजा’ म्हणतो. बोजा असेपर्यंत ती जमीन मोकळेपणाने विकता येत नाही. हप्ते थकले, तर वसुलीसाठी ती विकली जाण्याची पाळी येते. म्हणून गहाणाचा हप्ता हा साधा खर्च समजू नये. त्यावर आपली जमीन टांगलेली आहे.

हप्त्यात काय काय असते?

हप्त्यात दोन गोष्टी असतात. एक मुद्दल, दुसरे व्याज. जे पैसे आपण घेतले ते मुद्दल. ते वापरल्याबद्दल जे भाडे द्यायचे ते व्याज. हे भाडे जेवढे मुद्दल शिल्लक आहे तेवढ्यावरच चढते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

समजा, विहीर आणि पाइपलाइन यांसाठी २,००,००० रुपये कर्ज घेतले. फेड १० वर्षांत करायची. व्याज वर्षाला शेकडा १०. हिशेब सोपा जावा म्हणून हा दर धरला आहे. तुमच्या कागदावर दर वेगळा असेल, तो पाहून घ्या. दर वर्षी मुद्दलापैकी २०,००० रुपये भरायचे आणि त्यासोबत त्या वर्षाचे व्याज भरायचे.

पहिल्या वर्षी व्याज २०,००० रुपये. मुद्दलाचे २०,००० मिळवा. एकूण भरणा ४०,०००.
दुसऱ्या वर्षी शिल्लक मुद्दल १,८०,०००. व्याज १८,०००. एकूण भरणा ३८,०००.
तिसऱ्या वर्षी शिल्लक मुद्दल १,६०,०००. व्याज १६,०००. एकूण भरणा ३६,०००.

असे दर वर्षी व्याज २,००० रुपयांनी उतरते. दहाव्या वर्षी ते फक्त २,००० रुपये राहते. दहाही वर्षांच्या व्याजाची बेरीज केली, तर १,१०,००० रुपये होतात. म्हणजे २ लाख घेतले आणि ३ लाख १० हजार फेडले.

काही बँका दर वेळी सारखाच हप्ता ठेवतात. तेथे सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी असते. पुढे पुढे मुद्दल वाढते. पण रीत तीच. शिल्लक मुद्दलावर व्याज.

लवकर फेडले तर काय वाचते?

आता समजा, दुसऱ्या वर्षी पीक चांगले आले. नेहमीचा हप्ता भरला आणि वर २०,००० रुपये जादा भरले. मुद्दल १,६०,००० राहायचे, ते १,४०,००० झाले. पुढच्या प्रत्येक वर्षी २०,००० रुपयांवरचे व्याज, म्हणजे २,००० रुपये वाचले. अशी आठ वर्षे उरली होती. आठ दुणे सोळा. एकूण १६,००० रुपये वाचले. शिवाय कर्ज दहा वर्षांऐवजी नऊ वर्षांतच संपले.

हेच २०,००० रुपये आठव्या वर्षी जादा भरले असते तर? मग उरली असती दोनच वर्षे. वाचले असते ४,००० रुपये. पैसे तेवढेच, पण लवकर भरले म्हणून जास्त वाचले. जे व्याज थांबवायचे ते सुरुवातीलाच थांबवावे.

हे ऐकून कोणालाही वाटेल, की हाती येईल तो पैसा बँकेत नेऊन ओतावा. येथेच पुष्कळ माणसे फसतात. कशी, ते पाहू.

दोन भावांचा हिशेब

दोन भाऊ आहेत असे धरू. शेजारी शेजारी जमीन. दोघांनीही वर सांगितल्याप्रमाणे २ लाखांचे कर्ज घेतले. दुसऱ्या वर्षी हप्ता भरून, घरखर्च बाजूला काढून, दोघांच्याही हाती ३०,००० रुपये उरले.

थोरला म्हणाला, “मी सगळेच्या सगळे भरून टाकतो. सातबाऱ्यावरचा तो बोजा बघून बघून डोळे दुखले.”

त्याची बायको म्हणाली, “अहो, थोडे तरी हाताशी राहू द्या. मिरगाला पेरणी आहे.”

“पेरणीचं बियाणं घरात आहे. आणखी काय लागतंय?” थोरला म्हणाला.

धाकटा म्हणाला, “दादा, भरणार मीही आहे. पण सगळे नाही. दहा भरतो, वीस मागे ठेवतो.”

“वेडा आहेस तू. बँक दहानं व्याज घेते. तुझ्या त्या वीस हजारांना पोस्टात किती मिळणार?”

“थोडंच मिळेल. पण रात्री-अपरात्री गरज लागली तर पोस्टातले पैसे माझे मला मिळतात. कर्जात भरलेले बँक परत देत नाही.”

जून महिना आला. पहिल्या पावसावर दोघांनी पेरले. मग वीस दिवस पावसाने दडी मारली. कोंब करपले. दुबार पेरणी करावी लागली. त्यातच सामाईक लाईटीचा दाब कमी-जास्त होऊन दोघांच्याही मोटारी जळाल्या. बियाणे, खत, मजुरी आणि मोटार मिळून दोघांनाही प्रत्येकी २५,००० रुपये लागले.

थोरल्याच्या गाठी काही नव्हते. पेरणी थांबत नाही. तो गावातल्या एका पैसेवाल्याकडे गेला. त्याने शेकडा ५ ने २५,००० दिले. शेकडा ५, पण दरमहा. महिन्याला १,२५० रुपये व्याज. सुगी बेताची झाली. मुद्दल फिटले नाही, नुसते व्याज जात राहिले. वर्षाला १५,००० रुपये गेले.

धाकट्याने पोस्टातले २०,००० काढले. ५,००० कमी पडले. ते त्याच्या बायकोने बचत गटातून शेकडा २ ने घेतले. महिन्याला १०० रुपये व्याज. सहा महिन्यांत फेडले. एकूण व्याज ६०० रुपये.

आता ताळा पाहा. थोरल्याने ३०,००० जादा भरले, म्हणून त्या वर्षी बँकेचे ३,००० रुपये व्याज वाचले. पण दुसरीकडे १५,००० गेले. म्हणजे १२,००० चा खड्डा. धाकट्याने १०,००० जादा भरले, म्हणून १,००० वाचले. गटाला ६०० दिले. तरी ४०० रुपये वरच राहिले.

थोरल्याचे बँकेचे कर्ज धाकट्यापेक्षा २०,००० रुपयांनी कमी झाले, हे खरे. पण स्वस्त कर्ज कमी करून त्याने महाग कर्ज अंगावर घेतले. पुढच्या वर्षी त्याला बँकेचा हप्ता भरायचा होता आणि २५,००० रुपयेही फेडायचे होते. अशा ओढाताणीत बँकेचा हप्ता थकतो. हप्ता थकला, की ज्या जमिनीसाठी एवढी धडपड केली तीच धोक्यात येते.

म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे. गहाण लवकर फेडावे, पण आधी नडीचा पैसा बाजूला ठेवून.

५ मोठे की १०?

अंक वाचता येऊ लागले, की आणखी एक सवय लावून घ्यावी. अंकाच्या मागचा शब्दही वाचावा. बँक म्हणते शेकडा १०. गावातला पैसेवाला म्हणतो शेकडा ५. वरवर पाहता ५ लहान. पण बँकेचे १० वर्षाचे आहेत. त्याचे ५ महिन्याचे आहेत. वर्षाचे महिने बारा. बारा पंचे साठ. म्हणजे वर्षाला शेकडा ६०. आता सांगा, स्वस्त कोण?

व्याजाचा दर कोणीही सांगितला, तर पहिला प्रश्न हाच विचारावा, “महिन्याचा की वर्षाचा?” उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

अचानक खर्च खरेच अचानक असतो का?

आपण पुष्कळ खर्चांना ‘अचानक आला’ म्हणतो. पण नीट पाहिले तर त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार: वेळ ठाऊक असलेले खर्च. जून आला की मुलांची शाळा सुरू होते. वह्या, पुस्तके, कपडे लागतात. दिवाळी दर वर्षी येते. म्हाताऱ्या आईचे औषध दर महिन्याला लागते. हे खर्च अचानक नसतात. त्यांची आपण आठवण ठेवत नाही, एवढेच. यांची वर्षाची बेरीज करावी आणि १२ ने भागावे. समजा, शाळेला ६,०००, सणाला ६,०००, औषधाला ३,६०० आणि घराच्या डागडुजीला २,४०० लागतात. बेरीज १८,०००. भागिले १२. महिन्याला १,५०० रुपये. दुधाचा पगार झाला, की त्यातून एवढे आधी बाजूला काढावे. ज्यांना महिन्याचे उत्पन्न नाही, त्यांनी पीक विकले त्याच दिवशी वर्षाचे काढून ठेवावेत.

दुसरा प्रकार: होणार हे ठाऊक, पण केव्हा ते ठाऊक नाही. मोटार कधीतरी जळते. बैल कधीतरी आजारी पडतो. वादळात पत्रे उडतात. पोराला ताप येतो. यांसाठी नडीचा पैसा हवा.

तिसरा प्रकार: ज्यांना घरातली पुंजी पुरतच नाही असे मोठे घाव. घरच्या कर्त्या माणसाचा अपघात, मृत्यू किंवा मोठे आजारपण. यांसाठी विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून २ लाखांचा अपघात विमा मिळतो. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपये भरून २ लाखांचा आयुर्विमा मिळतो. दोन्हींना वयाची अट आहे. आपल्या बँकेत किंवा पोस्टात विचारावे. खात्यातून दर वर्षी पैसे कापले जातात की नाही, तेही पासबुकात पाहावे. मोठ्या आजारासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना ती लागू होते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड नीट जपून ठेवा. रुग्णालयात गेल्या गेल्या ‘आरोग्यमित्र’ कोठे बसतो ते विचारा. आधी कर्ज काढून मग चौकशी करणे, ही उलटी रीत होय.

नडीचा पैसा किती आणि कोठे?

निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढा असावा. घरखर्च महिन्याला ८,००० असेल, तर २४,००० रुपये. एकदम जमत नसेल तर दोन सुगींत जमवावा. पेरणीवर पोट असणाऱ्याने दुबार पेरणीचा खर्चही त्यात धरावा.

हा पैसा घरात ठेवू नये. घरातला पैसा हातउसना जातो. कोणी पाहुणा मागतो, नाही म्हणवत नाही. पोस्टात किंवा बँकेत वेगळे बचत खाते उघडावे. शक्य तर ते घरातल्या बाईच्या नावावर असावे. लग्न, मोबाईल, जत्रा यांसाठी त्याला हात लावायचा नाही, हे नवरा-बायकोने मिळून ठरवावे. वापरला, तर पुढच्या सुगीला आधी तो भरून काढावा. मगच बँकेत जादा भरणा करावा.

कोणी म्हणेल, यात तोटा आहे. बँक १० ने घेते आणि बचत खात्यात फार तर ४ मिळतात. २०,००० रुपयांवर वर्षाला १,२०० रुपयांचा फरक पडतो. हो, पडतो. पण आपण खळ्यावर राखणदार ठेवतो, त्याला मजुरी देतोच ना? हे १,२०० रुपये म्हणजे राखणदाराची मजुरी समजावी. तो नसताना थोरल्याचे १५,००० गेले.

हाती पैसा आला, तर आधी कोणाला?

पीक विकून आले, की पैशाची वाटणी या क्रमाने करावी.

१) पहिल्याने गहाणाचा चालू हप्ता आणि पीक कर्ज. पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते. एक दिवस चुकला तरी ती जाऊ शकते. म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवा.
२) मग पुढच्या पेरणीचा खर्च आणि सुगीपर्यंतचा घरखर्च.
३) मग महाग कर्ज. ज्याचे व्याज जास्त, ते आधी मिटवावे. गावातल्या पैसेवाल्याचे २५,००० अंगावर असताना बँकेत जादा भरणे म्हणजे मोठे भोक सोडून लहान भोक बुजवणे.
४) मग नडीचा पैसा.
५) यातून जे उरेल, ते गहाणात जादा भरावे. ५,००० उरले तर ५,००० भरावेत. लहान म्हणून लाजू नये. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही. कर्जाचे तळे असेच आटवायचे.

नडीचा पैसाही पुरला नाही, तर आधी बचत गट पाहावा. मग बँकेचे सोनेतारण पाहावे. दागिना घरात पडून राहतो, त्याचे तारण दिले तर पैसेवाल्यापेक्षा पुष्कळ कमी व्याजात काम होते. परवाना नसलेल्या सावकाराच्या दारात मात्र जाऊ नये.

जादा पैसे भरताना

जादा पैसे नुसते खिडकीत देऊन येऊ नये. ते कोठे जमा झाले ते पाहावे. कधी कधी असे पैसे पुढच्या हप्त्याची आगाऊ भरती म्हणून धरले जातात. मग मुद्दल लगेच उतरत नाही. म्हणून साधा अर्ज लिहून द्यावा. तो असा:

“शाखाधिकारी साहेब यांस,
माझ्या कर्ज खात्यात आज मी हप्त्याशिवाय १०,००० रुपये जादा भरत आहे. ही रक्कम मुद्दलात जमा करावी. हप्ता पूर्वीइतकाच ठेवून कर्जाची मुदत कमी करावी. जमा झाल्यावर शिल्लक मुद्दल किती राहिले, ते लेखी द्यावे.
आपला विश्वासू,”

खाली सही, खाते क्रमांक आणि तारीख. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर बँकेचा शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवा.

मुदतीआधी फेडल्याबद्दल काही कर्जांवर बँक आकार घेते. म्हणून गहाणखतात ती अट पाहावी आणि मगच भरावे. घरासाठी घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली आहे. शेतीच्या कर्जाबाबत आपल्या बँकेत विचारून घ्यावे.

पीक बुडाले तर?

हप्ता भरता येणार नाही असे दिसले, तर तोंड लपवू नये. हप्त्याच्या तारखेआधीच बँकेत जावे. अडचण लेखी सांगावी. दुष्काळ किंवा गारपीट अशी आपत्ती सरकारने जाहीर केली असेल, तर बँकेला हप्त्यांची मुदत वाढवून देता येते. पण त्यासाठी आपण जाऊन मागावे लागते. मुदत वाढली म्हणजे कर्ज माफ झाले, असे नव्हे. वाढलेल्या काळाचे व्याज द्यावे लागते. तेही विचारून घ्यावे.

कोऱ्या कागदावर अंगठा नको

कर्जापायी जमिनी जाण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरले. शेतकऱ्यांचा राग विशेष करून कर्जाच्या कागदांवर होता. त्यांनी ते कागद मागून घेतले आणि जाळले. त्या कागदांवर त्यांचे अंगठे होते, पण आत काय लिहिले आहे ते बहुतेकांना वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कागदावरच्या आकड्यावर न थांबता कर्जाचा जुना हिशेब पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला.

आता तुम्हांला वाचता येते. मग कागद जाळण्याची गरज नाही, तो वाचावा. विशेष जपायचे ते एका गोष्टीला. पैसे व्याजाने देताना काही लोक गहाणखत करत नाहीत, सरळ खरेदीखत करून घेतात. तोंडाने सांगतात, “पैसे दिलेस की जमीन परत लिहून देईन.” पण खरेदीखत म्हणजे विक्री. तोंडचा शब्द कोर्टात सिद्ध करणे फार कठीण जाते. कागदाच्या मथळ्यावर काय लिहिले आहे, ते आधी वाचा. गहाण असेल तर ‘गहाणखत’ लिहिलेले हवे. गहाण जमीन पैसे फेडून सोडवून घेण्याचा हक्क १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने दिला आहे. पण खाजगी माणसाकडे जमीन गहाण असेल, तर मुदतीआधी पैसे घेण्याची सक्ती त्याच्यावर होत नाही. म्हणून ‘मुदतीआधी केव्हाही फेड करता येईल’ हे वाक्य कागदात आधीच घालून घ्यावे.

महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बेकायदा सावकारीत कोणी जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत तक्रार खरी ठरली, तर जमीन परत मिळू शकते.

शेवटचा हप्ता भरल्यावर

शेवटचा हप्ता भरला, पेढे वाटले, आणि काम संपले असे पुष्कळांना वाटते. पण सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरेलच असे नाही. पुढे जमिनीची वाटणी करायला जावे, तर जुन्या कर्जाची नोंद तशीच पडलेली दिसते. म्हणून एवढे करावे.

१) बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. त्यावर ‘काही येणे बाकी नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असावे.
२) आपले मूळ कागद मोजून परत घ्यावेत. घरकर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने २०२३ साली नियम केला आहे. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यावेत. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू झाला.
३) गहाणखत नोंदवलेले असेल, तर गहाण सुटल्याचा कागदही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत करून घ्यावा.
४) दाखला जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा. फेरफार मंजूर झाला, की नवा सातबारा काढावा आणि ‘इतर हक्क’ ही जागा स्वतः वाचावी.

तेथून बोजा गेलेला तुमच्या डोळ्यांनी वाचला, म्हणजे गहाण सुटले.

हिशेब करून पाहा

१) तुमच्या घरी वेळ ठाऊक असलेले खर्च कोणते? त्यांची वर्षाची बेरीज करा. महिन्याला किती काढून ठेवावे लागतील?
२) एकाने १०,००० रुपये शेकडा ३ दरमहा व्याजाने घेतले. वर्षाला व्याज किती? बँकेकडून वर्षाला शेकडा १० ने घेतले असते तर किती?
३) वरच्या २ लाखांच्या कर्जात चौथ्या वर्षी नेहमीच्या हप्त्याशिवाय २०,००० रुपये जादा भरले, तर एकूण किती व्याज वाचेल?
४) तुमचा सातबारा काढा. ‘इतर हक्क’ या जागी काय लिहिले आहे, ते घरात मोठ्याने वाचून दाखवा.

उत्तरे: दुसऱ्याचे ३,६०० आणि १,००० रुपये. तिसऱ्याचे १२,००० रुपये. पहिल्याचे आणि चौथ्याचे उत्तर तुमच्याच घरात आहे.